डबे तेवढेच, गाड्या वेगळ्या

पूर्णा जंक्शनवर परभणी, नांदेड आणि अकोला या तिन्ही दिशांचे रूळ भेटतात. डबे कापणं आणि दुसऱ्या गाडीला जोडणं इथल्या माणसाला नवं नाही. वटवाघळांच्या गुणसूत्रांचा हिशेब समजायला तेवढं भांडवल पुरतं.

जातीगणिक वेगळा आकडा

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं. वटवाघळांत मात्र एक आकडा नाही. वडा-चिंचेवर लोंबकळणाऱ्या मोठ्या फळखाऊ वटवाघळात ३८, केळीच्या पानाआड निजणाऱ्या लहान फळखाऊत ३४. दक्षिण अमेरिकेतल्या एका जातीत अवघी १४, तर घोड्याच्या नालेसारखं नाक असलेल्या गटातल्या काही जातींत ६२.

५६ आणि ३६ची गोष्ट

सह्याद्रीच्या गुहांत राहणाऱ्या एका नालनाक्या जातीत ५६ गुणसूत्रं असतात. तिचीच उपजात मानलेल्या चिनी वटवाघळात निघाली ३६! वीस गेली कुठे? कुठेच नाही. ५६वाल्या जातीतल्या बहुतेक गुणसूत्रांना एकच मोठी भुजा असते. अशी दोन टोकाशी जुळली की दोन भुजांचं एक गुणसूत्र होतं. गुणसूत्रं जोडीजोडीने असतात, म्हणून आईकडच्या आणि बापाकडच्या दोन्ही संचांत अशा दहा-दहा जोडण्या झाल्या की ५६चे ३६ होतात. लिंगगुणसूत्रं वगळून भुजा मोजल्या, तर दोन्हीकडे साठच. म्हणून नुसता आकडा ऐकून भुलू नये, भुजाही मोजाव्यात. आज या दोन वेगळ्या जाती मानतात, आणि त्यात या मोजणीचाही वाटा आहे. जोडणी फार वेगळी असली, की संकरित पिल्लाच्या बीजपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत.

नराला एक जास्त

मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका आखूड शेपटीच्या वटवाघळात मादीला २०, नराला २१. तिथे एक्स गुणसूत्र दुसऱ्या एका साध्या गुणसूत्राला चिकटलं. त्याचा सुटा जोडीदार नरात एकटाच उरला आणि दुसऱ्या वायसारखा वागू लागला.

मोजतात कसं

भारतीय वटवाघळांची अशी मोजणी १९६०च्या दशकात एस. पी. राय-चौधुरी आणि सेन पाठक या संशोधकांनी केली. पेशी विभागत असतानाच कॉल्चिसिन या रसायनाने थांबवायच्या, कमी क्षाराच्या द्रावात फुगवायच्या, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. पूर्वी त्यासाठी प्राणी मारून अस्थिमज्जा काढत. आता पंखाच्या पडद्याचा मसुराएवढा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवता येतात. पडद्याचं भोक काही आठवड्यांत भरून येतं.