मुलगी नोकरी सोडून ‘कोच’ होते तेव्हा

वीस वर्षे डिझाइनच्या क्षेत्रात काढून विभागप्रमुख झालेली मुलगी एके दिवशी सांगते, ‘‘आई, बाबा, मी नोकरी सोडून कोच होणार आहे.’’ आपल्या मनात पहिला प्रश्न उमटतो, म्हणजे नेमके काय करणार? दुसरा ओठांवर येत नाही : आमच्या औषधपाण्याचे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

येथे कोच म्हणजे मैदानावरचा प्रशिक्षक नव्हे. नोकरी, नाती, निवृत्ती अशा वळणावर उभ्या असलेल्या माणसाला उपदेश न करता, नेमके प्रश्न विचारून त्याचा मार्ग त्यालाच शोधू देणे, हे त्याचे काम. ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ (१९९२) या पुस्तकाचे लेखक जॉन व्हिटमोर हे आधी मोटारशर्यतींतील चालक होते. डिझाइनमध्येही वस्तू वापरणाऱ्याचे आधी ऐकून घ्यावे लागते, मग रेखाटन. तेव्हा मुलीची आजवरची वर्षे वाया गेली, असे समजू नये.

या व्यवसायाला आपल्याकडे परवान्याची सक्ती नाही. म्हणून रीतसर शिक्षणाला महत्त्व आहे. १९९५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. पुढच्या पातळीसाठी १२५ आणि ५०० तास. उत्पन्नाची घडी बसण्यास वेळ लागणार, हे गृहीत धरून घरखर्चाची तरतूद आधीच करावी.

आता आपल्या आरोग्यविम्याविषयी. कंपनीच्या गटविम्यात आपले नाव असेल, तर नोकरीबरोबर ते संरक्षण सहसा संपते. म्हणून राजीनाम्यापूर्वीच, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का आणि पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ धरला जाईल का, हे लेखी विचारून घ्यावे. आपले वय ७० किंवा अधिक असेल, तर ‘आयुष्मान भारत’ योजनेत उत्पन्नाची अट न लावता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय आहे. तिचे कार्ड काढून ठेवावे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. मुलगी घरून काम करू लागली, म्हणजे ती मोकळी झाली असे नाही. समोरच्याचे बोलणे गुप्त राखणे हे तिचे कर्तव्य असते. बंद दाराआडच्या त्या तासात पाणी, फोन, औषध यांसाठी दुसरी व्यवस्था हवी. आणि कोच हा डॉक्टर नव्हे. सतत उदास वाटणे, झोप न लागणे, विसरभोळेपणा वाढणे यांसाठी डॉक्टरांकडेच जावे. मुलीकडून उपचारांची अपेक्षा धरू नये.

एवढे ठरले, की एखाद्या संध्याकाळी तिला विचारावे, ‘‘या कामात तुला काय मिळते?’’ आणि तिचे सांगून होईपर्यंत आपण मध्ये बोलू नये.