गाडीला ब्रेक नसतो, पण टीम चॅम्पियन झाली आणि थेट थांबलीच. स्विंडन रॉबिन्सचा किस्सा

२०१९ साली इंग्लंडमधल्या एका गावाच्या टीमने देशातली सगळ्यात मोठी स्पीडवे लीग जिंकली. त्यानंतर ती टीम एकही मॅच खेळली नाही.

गाव आहे स्विंडन. लंडनच्या पश्चिमेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर. गोव्यातल्या वाचकांना हे नाव नवीन नसेल, कारण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली हजारो गोंयकार मंडळी याच गावात राहतात. तसं हे रेल्वेचं गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा भलामोठा कारखाना इथे होता, तो १९८६ ला बंद झाला. होंडाचा मोटारींचा कारखाना २०२१ ला बंद झाला. या दोघांच्या सोबतीने गावाची तिसरी ओळख होती, ती म्हणजे स्विंडन रॉबिन्स.

आता आधी हा खेळ काय आहे ते समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

मातीचा लंबगोल ट्रॅक. चार रायडर, चार लॅप, सगळा खेळ मिनिटभराचा. गाडी ५०० सीसीची, एक सिलिंडर, पेट्रोलऐवजी मिथेनॉलवर चालणारी. आणि ब्रेक? नाहीच. पुढेही नाही, मागेही नाही. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. चौघं एकमेकांना खेटून वळणावर येतात, तेव्हा पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचा थेट त्याच्या पाठीत शिरणार. त्यामुळे वळताना मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, हँडल उलट्या बाजूला फिरवायचं आणि डावा पाय जमिनीवर टेकवत जायचं. त्या पायातल्या बुटाखाली लोखंडी तळ बसवलेला असतो, नाहीतर बूट एका संध्याकाळीच फाटेल.

चौघांपैकी दोन यजमान टीमचे, दोन पाहुण्यांचे. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. अशा १५ हीट झाल्या की मॅच संपली. म्हणजे एकूण गुण ९०, आणि ज्याचे ४६ झाले तो जिंकला. त्यामुळे एकट्याने सुसाट पळून भागत नाही. पहिला आणि दुसरा असे दोन्ही नंबर आपल्याच टीमचे आले तर हीट ५-१ ने खिशात. म्हणून चांगला रायडर कधीकधी स्वतःचा वेग कमी करतो, प्रतिस्पर्ध्याला बाहेरच्या बाजूला अडवून धरतो आणि आपल्या जोडीदाराला आतून काढून देतो. खरा रंग यातच आहे.

तर, ऑस्ट्रेलियातून आलेला हा खेळ १९२८ ला इंग्लंडमध्ये रुजला. दुसरं महायुद्ध संपल्यावर लोकांना करमणूक हवी होती, स्टेडियम ओसंडून वाहायला लागली. १९४९ ला स्विंडनच्या उत्तरेला ब्लन्सडन गावाजवळ अॅबी स्टेडियम उभं राहिलं. त्याच वर्षी हलची टीम सीझन अर्धवट टाकून बाहेर पडली आणि तिच्या राहिलेल्या मॅच स्विंडनला मिळाल्या. दुसऱ्याची रिकामी झालेली खुर्ची पकडून सुरुवात झाली म्हणा ना. पण १९५६ ला दुसऱ्या डिव्हिजनचं आणि १९५७ ला थेट नॅशनल लीगचं विजेतेपद याच टीमने घेतलं.

१९६४ ला टीममध्ये आला न्यूझीलंडचा बॅरी ब्रिग्ज. त्या काळी वर्ल्ड चॅम्पियन एकाच रात्रीत ठरायचा. १६ रायडर, २० हीट, प्रत्येकाला पाच संधी. एक सुरुवात हुकली की वर्षभराची मेहनत मातीत. ब्रिग्जने आधी दोनदा हा किताब जिंकलेला होता. स्विंडनचा झाल्यावर त्याने १९६४ आणि १९६६ ला, दोन्ही वेळा स्वीडनमधल्या गोथेनबर्गला, तो पुन्हा जिंकला. १९६५ ते १९७० अशी सलग सहा वर्षं ब्रिटिश लीगमधल्या सगळ्यात भारी रायडरचा किताबही त्यानेच सोडला नाही. बीबीसीच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो दोनदा दुसरा आला. फुटबॉलवेड्या देशात ही मोठी गोष्ट आहे. १९६७ ला टीमने ब्रिटिश लीग जिंकली. १९७२ च्या वर्ल्ड फायनलमध्ये वेम्बलीला ब्रिग्जचा अपघात झाला, त्यात त्याने एक बोट गमावलं आणि स्विंडनचं ते पर्व संपलं.

मग वाट बघणं आलं. फिल क्रम्प आला, ली अॅडम्सने वर्षानुवर्षं टीम खांद्यावर घेतली, मधे खालच्या लीगमध्येही जावं लागलं. वरच्या लीगचं पुढचं विजेतेपद आलं थेट २०१२ ला. ४५ वर्षांनी! नंतर २०१७ ला पुन्हा, आणि त्याच वर्षी टीमचा जेसन डॉयल वर्ल्ड चॅम्पियन झाला. मग २०१९ ला इप्सविचला हरवून आणखी एकदा.

मग एवढ्या फॉर्मातली टीम बंद का पडली?

निमित्त झालं कोरोनाचं. २०२० चा सीझन झालाच नाही. पण मूळ कारण जमिनीचं आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक स्पीडवे टीमचं स्वतःचं मैदान नसतं. स्टेडियम असतं एखाद्या कंपनीचं, तिथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीही चालतात, आणि स्पीडवेवाले भाडेकरू असतात. गावं वाढली, जमिनीचे भाव वाढले. अॅबी स्टेडियमच्या परिसरात घरं बांधायची आणि त्या पैशातून नवं स्टेडियम करायचं, ही योजना कित्येक वर्षं चर्चेत होती. घरं झाली. स्पीडवे मात्र तिथे परतला नाही. चॅम्पियन टीमकडे नाव होतं, रायडर होते, प्रेक्षक होते, फक्त खेळायला जागा नव्हती.

आणि स्विंडन एकटं नाही. कोव्हेंट्रीचं मैदान २०१६ नंतर सुटलं. २०२३ ला वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो दोघांचेही ट्रॅक गेले. हरून बंद पडणं एकवेळ समजू शकतं, पण इथे गुणतक्त्याचा काही संबंधच नाही.

याच्या बरोबर उलट चित्र पोलंडमध्ये दिसतं. तिकडे तोरून शहराने स्वतःच्या मालकीचं खास स्पीडवेसाठीचं स्टेडियम २००९ ला उभं केलं, कारण तिथे टीम ही शहराची शान मानली जाते. ब्रिटनमध्ये पळणारे बडे रायडर पोलंडच्या लीगमध्येही पळतातच, आणि आज मोठा पैसा आणि मोठी गर्दी दोन्ही तिकडे आहे. डॉयलही तिकडे खेळला आहे. ब्लन्सडनचे चाहते मात्र आता शर्यत बघायची तर दुसऱ्या गावाला जातात.