‘तरीही’ गाळून वाचलं, तर उतारा कळणार कसा?

‘पाऊस चांगला झाला, तरीही कापूस कमी आला, कारण बोंडअळी पडली.’ 2017 चा गुलाबी बोंडअळीचा हंगाम भोगलेल्या यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागू नये. पण ‘कापूस कमी का आला?’ असा प्रश्न कागदावर आला, की एखादं मूल पहिलाच तुकडा उतरवतं: ‘पाऊस चांगला झाला.’ ‘तरीही’, ‘कारण’ हे संकेतशब्द त्याच्या नजरेतून निसटलेले असतात.

गैरसमज : घडाघडा वाचता आलं म्हणजे समजलं.
वस्तुस्थिती : अक्षरं ओळखणं वेगळं, दोन विधानांचं नातं ओळखणं वेगळं. वरचं वाक्य न अडखळता वाचणारं मूलही उत्तर चुकू शकतं.

गैरसमज : अव्ययांचे प्रकार पाठ केले की काम झालं.
वस्तुस्थिती : न्यूनत्वबोधक, परिणामबोधक ही नावं पाठ असूनही उतारा अडतो. दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘कारणे लिहा’, ‘ओघतक्ता पूर्ण करा’, ‘फरक स्पष्ट करा’ अशा कृती असतात. कारणासाठी ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’. क्रमासाठी ‘आधी’, ‘नंतर’, ‘शेवटी’. फरकासाठी ‘पण’, ‘मात्र’, ‘उलट’ हे शब्द शोधायचे, ही सवय लागायला हवी.

गैरसमज : ‘म्हणून’ दिसलं की पुढे परिणाम असतोच.
वस्तुस्थिती : ‘डेबूजी झिंगराजी जानोरकर गाडगेबाबा म्हणून ओळखले जातात’, यात परिणाम कुठे आहे? ‘मीपण येतो’ यातल्या ‘पण’मध्ये विरोध नाही. कधी तर संकेतशब्दच नसतो : ‘पाऊस लांबला. दुबार पेरणी करावी लागली.’ इथे ‘त्यामुळे’ वाचणाऱ्याने मनात भरायचं असतं.

गैरसमज : कोलामी, गोंडी, गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना हे झेपणार नाही.
वस्तुस्थिती : कारण, विरोध, क्रम ही नाती त्यांच्या घरच्या बोलण्यातही असतातच. झरी-जामणी, केळापूरच्या पोडांवरच्या (कोलाम वस्त्यांवरच्या) मुलांना ती आधी कोलामीत सांगू द्यावीत, मग मराठी शब्द जोडून द्यावा. वऱ्हाडीतल्या ‘काऊन’ (का) आणि ‘मंग’ (मग) यांची मदतही खुशाल घ्यावी.

गैरसमज : हे फक्त मराठीच्या तासाचं काम.
वस्तुस्थिती : विज्ञानातली कृती, इतिहासातली कारणं, गणितातलं ‘जर-तर’ याच शब्दांवर चालतं.

शिक्षकांनो, उद्याच्या तासाला एकच करा. उताऱ्यातले संकेतशब्द झाकून मुलांना ते ओळखायला सांगा आणि प्रत्येक उत्तराला विचारा, ‘हाच शब्द काऊन?’