शिकागोची वाट माहूरवरून

तेलंगणातल्या मंचेरियलहून शिकागोला निघालेला माणूस सुरुवातीला चार-एक तास उलट्याच दिशेने जातो. गावात विमानतळ नाही. गोदावरीपलीकडे बसंतनगरला जुनी धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी सेवा नाही. त्यामुळे बल्लारशा-काझीपेठ मार्गावरची रेल्वे पकडून दक्षिणेला सिकंदराबाद गाठायचं आणि मग शमशाबादचा, म्हणजे हैदराबादचा विमानतळ.

एअर इंडियाने जानेवारी 2021 मध्ये हैदराबाद-शिकागो थेट सेवा सुरू केली होती. या दोन विमानतळांमधलं सर्वात कमी अंतर साधारण 13,300 किलोमीटर. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, तर ती अरबस्तान आणि अटलांटिकवरून जाते. ही सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात 16,100 किलोमीटर भरते, म्हणजे तीन तासांचं उड्डाण जास्त!

घरात पृथ्वीगोल असेल तर हैदराबादवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं शिकागोवर, आणि दोरा ताणा. तो पश्चिमेला जातच नाही. जवळपास थेट उत्तरेला सरकतो, 79 अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि ध्रुवापासून बाराशे किलोमीटरवरून पलीकडे उतरतो. दोन्ही शहरांच्या रेखांशांत 166 अंशांचा फरक आहे. ती पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत, म्हणून ध्रुवाकडची वाट जवळची. हीच रेषा बारकाईने मोजली तर ती माहूरच्या अगदी जवळून जाते. रेल्वेने चार तासांत मागे टाकलेला मंचेरियलचा अक्षांश या वाटेवरचं विमान वीसेक मिनिटांत पुन्हा ओलांडेल!

अंतर कळलं तरी वेळ कळत नाही. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. समजा, विमान दुपारी 1 वाजता सुटलं आणि त्याच संध्याकाळी 6 ला शिकागोत उतरलं. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं, म्हणजे प्रवास साडेसोळा तासांचा झाला.

पृथ्वी खालून फिरते म्हणून एका दिशेचा प्रवास लवकर होतो, असं पुष्कळ जण मानतात. ते खरं नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पाडतो तो दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, म्हणजे जेट प्रवाह. फेब्रुवारी 2020 मध्ये हा वारा पाठीशी मिळाल्याने ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून 4 तास 56 मिनिटांत लंडनला पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता, तरी भोवतालच्या हवेत ते ध्वनीपेक्षा हळूच उडत होतं. मुंबई-लंडन जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तोही याच वाऱ्यामुळे.

आणि आकाशालाही सीमा असतात. माहूरवरून निघालेली आपली रेषा अमृतसरच्या आसपास देश सोडून पाकिस्तानात शिरते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना वळसा घालून, इंधनासाठी व्हिएन्नाला उतरून पुढे जावं लागलं.