पासवर्ड: अवघड नव्हे, लांब हवा

बारामती - बारामती एमआयडीसीतील कार्यालय असो वा इंदापुरातील घरचा संगणक, गावाच्या नावापुढे '१२३' जोडलेला पासवर्ड भामटे सर्वांत आधी आजमावतात. त्यापेक्षा लांबी महत्त्वाची. लहान इंग्रजी अक्षरे कोणत्याही क्रमाविना निवडली, तरी आठऐवजी बारा घेतल्यास शक्यता सुमारे साडेचार लाख पटींनी वाढतात. ऊस, कंदील, टपाल, जांभूळ असे असंबद्ध शब्द जोडले, की ते लक्षातही राहतात (छापून आलेले हेच चार मात्र नकोत!). दरमहा पासवर्ड बदलण्याची सक्ती व्यर्थ. अमेरिकेतील 'निस्ट' या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये ती नको, असे सुचविले. फुटल्याचा संशय येताच मात्र बदलावा. कार्यालयातील पासवर्ड घरी वापरू नये. ई-मेलचा तर सर्वांत जपावा, कारण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याची लिंक बहुधा तेथेच येते.