ताज्या मालाची रॅक: भरण्याइतकंच काढण्याचं काम

सुपरमार्केटात साबण, तांदूळ किंवा बिस्किटांची रॅक एकदा लावली की दोन-चार दिवस तिच्याकडे पाहिलं नाही तरी फारसं बिघडत नाही. पालकाच्या जुडीला ही सवलत नाही. सकाळी ताठ उभी असलेली जुडी एसीच्या कोरड्या हवेत दुपारपर्यंत मान टाकते. त्यामुळे फळं-भाज्या, दूध-दही आणि पाव या विभागांत माल भरण्याला जितकं महत्त्व आहे, तितकंच तो वेळेवर काढण्यालाही आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत हे काम कसं चालतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

माल येतो कुठून?

दुकानात माल दोन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट बाजार समितीची. मुंबईसाठी वाशीचं मार्केट, पुण्यासाठी गुलटेकडीचं मार्केट यार्ड. दुसरी वाट थेट शेतातून येते. जुन्नर, नाशिक अशा भाजीपाल्याच्या पट्ट्यांत मोठ्या साखळी दुकानांनी किंवा त्यांच्या पुरवठादारांनी खरेदी केंद्रं उभारली आहेत. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला आणि ही दुसरी वाट बरीच मोकळी झाली. नारायणगावचा टोमॅटो, नाशिकची द्राक्षं, जळगावची केळी, हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असा माल वेगवेगळ्या गाड्यांतून एकाच रॅकवर येऊन बसतो.

भाजीची तोडणी बहुधा आदल्या दिवशी होते, गाडी रात्री धावते आणि क्रेट पहाटे दुकानाच्या मागच्या दाराशी उतरतात. पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी रॅक लागलेली हवी, म्हणून या विभागाची पाळी दुकान उघडण्याच्या बरीच आधी सुरू होते.

मागच्या दाराशी तपासणी

क्रेटचा वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो. अनुभवी कर्मचारी खालचा क्रेट उघडायला लावतो आणि मधल्या थरात हात घालतो. भेंडीचं टोक कट्‌कन मोडलं पाहिजे. वाकलं तर ती जून आहे. फ्लॉवरच्या गड्ड्यावर काळे-तपकिरी ठिपके नकोत. काकडीचा देठाकडचा भाग मऊ लागता कामा नये. कोथिंबिरीच्या जुडीत बोटं घातल्यावर ऊब जाणवली, तर ती जुडी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तोडल्यानंतरही भाजीचं श्वसन चालूच असतं. त्यातून उष्णता निघते, घट्ट बांधलेल्या जुडीत ती कोंडते आणि पानं आतून सडू लागतात.

पावसाळ्यात आणखी एक हिशेब असतो. भिजलेली पालेभाजी काट्यावर जड भरते आणि लवकर कुजते. त्यामुळे पाणी निथळू दिल्याशिवाय वजन घेत नाहीत. क्रेटचं वजन वजा करून निव्वळ वजन लिहायचं आणि नापसंत माल त्याच गाडीतून परत पाठवायचा. या वेळी केलेला संकोच नंतर रॅकवर दिसतो.

सगळं फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं

थंडावा म्हणजे ताजेपणा, हा समज निम्माच खरा आहे. पालेभाज्या, गाजर, फ्लॉवर आणि कोबी यांना शून्याच्या जवळपासचं तापमान आणि भरपूर दमट हवा मानवते. केळी साधारण १३ अंशांखाली गेली की तिची साल काळवंडते. टोमॅटो फार थंड जागी ठेवला तर त्याची चव जाते आणि कच्चा असेल तर तो नीट पिकत नाही. वांगी, भेंडी, काकडी यांनाही कडक थंडी सोसत नाही. सालीवर खड्डे पडतात. कांदा आणि बटाटा थंडीत नव्हे, कोरड्या व हवेशीर जागी ठेवायचे, तेही शेजारी-शेजारी नकोत. बटाट्यावर प्रखर उजेड पडत राहिला तर तो हिरवा होतो आणि त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं. असा बटाटा काढूनच टाकावा लागतो.

शेजार कोणाचा, हेही पाहावं लागतं. पिकलेली केळी, सफरचंद, पपई आणि आंबा यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो. त्याच्या संगतीत पालेभाजी पिवळी पडते आणि काकडी लवकर उतरते. हाच वायू फळं पिकवण्याच्या खोल्यांमध्ये मुद्दाम सोडला जातो आणि १०० पीपीएमपर्यंत त्याला कायद्याने परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाईडवर मात्र बंदी आहे.

भरलेली दिसावी, पण भरून नव्हे

रिकामी रॅक पाहून गिऱ्हाईक पाठ फिरवतं, कारण उरलेला माल नाकारलेला असावा असं त्याला वाटतं. मात्र ढीग रचला तर खालचा माल चेपतो. यावर तोडगा मांडणीत आहे. ट्रे पुढे उतरता ठेवायचा, खाली पालथा क्रेट घालून उंची द्यायची आणि वर मोजकाच माल पसरायचा. टोमॅटोचे दोन-तीन थर पुरेत. दिवसातून एकदा भरपूर ओतण्यापेक्षा थोडं थोडं पुन्हा पुन्हा भरणं बरं. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर आणि रविवारी सकाळी तर कर्मचारी रॅकपासून हलतच नाही.

भरण्याचीही रीत आहे. आधी ट्रेमधला सगळा माल बाहेर काढायचा, खराब नग बाजूला करायचे, ट्रे पुसायचा, नवा माल खाली घालायचा आणि जुना वर ठेवायचा. नवा माल नुसता वरून ओतला, तर तळातला एक सडका टोमॅटो दुसऱ्या दिवशी अख्खा ट्रे नासवतो. पालेभाजीवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारतात. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, मशरूम आणि कांद्यावर तो चुकूनही मारायचा नसतो.

दुधाचा चिलर आणि तारखा

दूध, दही, पनीर यांसाठी तापमान ५ अंश किंवा त्याखाली हवं. दार नसलेल्या चिलरमध्ये वरून खाली थंड हवेचा पडदा वाहत असतो. माल आखलेल्या रेषेच्या पुढे आला किंवा हवेची जाळी झाकली गेली, तर हा पडदा तुटतो. मग काट्यावर तापमान बरोबर दिसतं, तरी पुढची पाकिटं कोमट होत राहतात. चिलर ठासून भरणं हे म्हणूनच कौतुकाचं काम नाही.

घरात जुनं पीठ आधी संपवतात, तोच नियम इथे लागतो. फक्त आलेला दिवस न पाहता छापलेली तारीख पाहायची, कारण उशिरा आलेल्या मालाची मुदत कधी कधी आधी संपते. आधी संपणारी पाकिटं पुढे, उशिरा संपणारी मागे. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही तारीख सक्तीची आहे. ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक आहे. मुदत उलटलेलं पाकीट रॅकवर सापडणं हा नुसता गलथानपणा नाही, तो गुन्हा ठरू शकतो.

संगणकाला तिथी कळत नाही

उद्या किती माल मागवायचा, या मागणीला दुकानात ‘इंडेंट’ म्हणतात. मागच्या विक्रीवरून संगणक आकडा सुचवतो. पण आपले सण तिथीवर चालतात. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरला गेली. गेल्या वर्षीची तारीख धरून फळं मागवणारं दुकान अशा वर्षी तोंडघशी पडतं. आषाढी एकादशीला रताळी, ऋषिपंचमीला त्या दिवसाच्या खास भाज्या, भोगीला वाटाणा, पावटा, गाजर आणि हरभरा, रमजानमध्ये कलिंगड आणि खजूर. ही मागणी विभागात काम करणारा माणूस कॅलेंडर पाहून स्वतः वाढवतो.

आणखी एक गोम आहे. मेथी दुपारी चारलाच संपली, तर संगणकाला विक्री कमी दिसते आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी कमी मागवतो. म्हणून काय संपलं, याबरोबर किती वाजता संपलं हेही लिहून ठेवणारा कर्मचारी दुकानाला मोलाचा असतो.

उरलेल्या मालाचं काय?

खाण्याजोगा पण मरगळलेला माल संध्याकाळी भाव कमी करून काढतात. त्याहून खराब झालेला माल वजन करून ‘डम्प’च्या नोंदीत लिहितात. ही नोंद प्रामाणिक असेल तरच पुढची मागणी बरोबर ठरते. शिल्लक पण सुरक्षित अन्न गरजूंपर्यंत पोहोचवण्यासाठी २०१९ पासून वेगळे नियम आहेत. बाकीचा ओला कचरा खतासाठी किंवा बायोगॅससाठी देता येतो.

रॅकमागची माणसं

भरलेला क्रेट सुमारे २० किलोचा असू शकतो आणि असे क्रेट दिवसभर उचलायचे असतात. कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकून उचलणं आणि न घसरणारे बूट घालणं ही इथली पहिली शिकवण. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉईडसारख्या आजारांविरुद्ध लसीकरण नियमांत सांगितलेलं आहे. साप्ताहिक सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर हे दुकाने व आस्थापना कायद्याने दिलेले हक्क आहेत. दुकानातल्या कर्मचाऱ्यांना बसायला जागा मिळावी, यासाठी केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली.

ग्राहकाने काय करावं?

टोमॅटो दाबून पाहू नका. तुम्ही दाबलेला टोमॅटो दुसरं कोणी घेत नाही. दही आजच संपणार असेल तर पुढचंच पाकीट उचला, मागे हात घालू नका. दूध आणि पनीर खरेदीच्या शेवटी घ्या. नको झालेलं पनीर बिस्किटांच्या रॅकवर सोडून जाऊ नका, ते कर्मचाऱ्याच्या हातात द्या. आणि पालेभाजीची गाडी किती वाजता येते, ते एकदा त्यालाच विचारून घ्या. ताजी भाजी मिळवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.