शाळेसाठीं पेटी घेतांना

गायनाच्या वर्गासाठीं बाजाची पेटी घ्यावयाची ठरली कीं शाळेचे चालक किंमत पाहतात, आणि दुकानांत गेल्यावर मन भुलतें तें पॉलिशाला. ही चूक आम्हीं स्वतः केली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलींच्या शाळेसाठीं पालकांच्या वर्गणींतून आम्हीं एक नक्षीदार, पुष्कळ खुंट्यांची पेटी पसंत केली. श्रावणांत तिच्या पट्ट्या फुगून अडकूं लागल्या, दोन सूर मुके झाले, भाता हवा धरीना. त्या वर्षीं संमेलनांत मुलींनीं स्वागतपद्य पेटीवांचूनच म्हटलें, आणि पहिल्या रांगेंत बसलेल्या वर्गणीदारांपुढें आमची मान खालीं झाली. त्या अनुभवानें जें शिकविलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हें वाद्य मूळचें परदेशचें. पॅरिसमधील देबँ या कारागिरानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तें खुर्चीवर बसून पायानें भाता मारण्याचें वाद्य होतें. हातभात्याची, बैठकीस सोयीची पेटी पुढें कलकत्त्यास घडली. आवाजाचें मर्म मात्र तेंच राहिलें: हवेच्या झोतानें पितळेची पातळ पत्ती थरथरते. म्हणून पेटींत पाहावयाच्या गोष्टी तीन: भाता, पत्त्या आणि लांकूड.

प्रथम भाता पुरता भरावा व एकही पट्टी दाबूं नये. तो लगेच बसला तर हवा गळते; न दाबतांच एखादा सूर ऐकूं आला तर त्या पट्टीखालची गादी नीट बसलेली नाहीं असें समजावें. मग एकेक पट्टी अगदीं हलक्या हवेवर वाजवावी. जो सूर उशिरां बोलतो तो पुढें रडविल्याशिवाय राहत नाहीं. षड्ज व तार षड्ज एकत्र धरावे. आवाज लाटेसारखा हेलकावला तर सूर मिळालेले नाहींत. शेवटीं झांकण काढून लांकूड चांगलें वाळलेलें सागवान आहे कीं नाहीं, हें जाणत्याकडून पाहून घ्यावें.

शाळेस साडेतीन सप्तकांची, खर्ज-नर दुहेरी सुरांची साधी पेटी पुरे. कपलर, स्केलचेंज हीं मैफलीचीं साधनें. सांधे जितके अधिक तितकीं दुखणीं अधिक. मुलींचा गळा बहुधा काळी चार, काळी पांचच्या आसपास मोकळा फिरतो. त्या पट्टींत वाजविण्याचा सराव शिक्षकांनीं केला म्हणजे स्केलचेंजची गरज उरत नाहीं. एका भपकेदार पेटीच्या पैशांत दोन साध्या पेट्या आल्या, तर एक दुरुस्तीस गेली तरी वर्ग थांबत नाहीं.

पेटी ओलसर भिंतीपासून दूर, पाटावर, कापडानें झांकून ठेवावी. भात्याचें कातडें उंदीर-झुरळांच्या तावडींतून सुटत नाहीं. सूर बिघडला तर पत्ती घरीं घासूं नये. टोंकाशीं घासली कीं सूर चढतो, मुळाशीं घासली कीं उतरतो, आणि गेलेलें पितळ परत येत नाहीं. दुरुस्तीसाठीं थोडी रक्कम आरंभींच बाजूस ठेवावी हें बरें.

पेटीवरील एक आक्षेप मात्र रास्त आहे. तिचे सूर ठरलेले. मींड तींत निघत नाहीं. अशाच आक्षेपांमुळें १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. म्हणून पद्य बसलें कीं पेटी थांबवावी व मुलींना नुसत्या तंबोऱ्यावर गाऊं द्यावें. त्या संमेलनांत पेटीवांचून गाइलेल्या स्वागतपद्यांत मुलींचा सूर कोठेंही ढळला नव्हता. आमची मान खालीं असल्यामुळें तें त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.